पॉटचे आईस्क्रीम : बर्फ, आगराचे मीठ आणि हाताने फिरवायचे यंत्र

लाकडी बादली, तिच्या मध्यभागी धातूचा उभा डबा, डब्यात फिरणारे पाते आणि वर दातेरी चाकांना जोडलेला दांडा. या साधनाला आपल्याकडे सरसकट ‘आईस्क्रीमचा पॉट’ म्हणतात. गुजरातीत यालाच ‘कोठी’ किंवा ‘संचा’ म्हणतात. फ्रीज घरोघरी येण्यापूर्वी मुंज, बारसे, वाढदिवस किंवा मे महिन्यात जमलेली भावंडे अशा निमित्ताने हा पॉट माळ्यावरून खाली उतरत असे. आज बऱ्याच घरांत तो अडगळीत आहे किंवा भंगारात गेला आहे.

पॉट परदेशातून आला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तो ज्या पदार्थावर चालतो तो मात्र पेडणे तालुक्यातच पिकतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. तो पदार्थ म्हणजे जाडे मीठ. आईस्क्रीम आणि त्याचे घरगुती यंत्र यांचा इतिहास, पॉटमागचे शास्त्र, प्रत्यक्ष कृती आणि आपल्या पेडणे-डिचोली भागाशी असलेला त्याचा संबंध यांची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

यंत्रापूर्वीचा गारवा

थंड पदार्थ खाण्याची हौस फार जुनी आहे. डोंगरावरचा बर्फ साठवून तो उन्हाळ्यात सरबतात घालण्याची रीत इराण, चीन आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत होती. पण सरबतात बर्फ घालणे वेगळे आणि दूध किंवा रस गोठवणे वेगळे. गोठवण्यासाठी बर्फाहूनही थंड असे काहीतरी हवे. ते कसे मिळवायचे, हे क्षारांच्या गुणामुळे माणसाला कळले.

आपल्या देशात सोरा हा क्षार गारव्यासाठी वापरला जाई. सोरा पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो आणि पाणी गार होते. अकबराच्या दरबारात पिण्याचे पाणी अशा रीतीने थंड करत, याचे वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. दरबार लाहोरला असताना उत्तरेकडच्या पर्वतांतून बर्फ आणला जाई, असेही त्यात नोंदले आहे. आटवलेले दूध साच्यात भरून गोठवलेली कुल्फी ही याच परंपरेतली. कुल्फी हा शब्द फारसीतून आला. कुल्फी घुसळली जात नाही, म्हणून ती घट्ट आणि जड लागते. आईस्क्रीम गोठताना सतत ढवळले जाते. दोन्हींतला मुख्य फरक हाच.

युरोपात बर्फ आणि क्षार एकत्र करून द्रव गोठवण्याचे वर्णन सोळाव्या शतकातल्या इटालियन ग्रंथांत येते. नेपल्सच्या अंतोनियो लातिनी यांच्या १६९०च्या दशकातल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात गोठवलेल्या गोड पदार्थांच्या कृती आहेत आणि त्यांत एक दुधाची आहे. पॅरिसमध्ये १६८६ साली सुरू झालेल्या ‘प्रोकोप’ या कॅफेमुळे असे पदार्थ राजवाड्याबाहेरच्या लोकांनाही चाखता येऊ लागले. तरीही आईस्क्रीम हे श्रीमंतांचेच खाणे होते, कारण बर्फ महाग होता आणि मेहनत फार होती. बर्फ-मिठात ठेवलेले भांडे हाताने गरगर फिरवायचे, थोड्या थोड्या वेळाने झाकण उघडायचे, कडेला गोठलेला थर खरवडायचा आणि पुन्हा झाकण लावायचे, असे तासभर चाले.

पॉटचा जन्म

ही मेहनत कमी करणारे यंत्र अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी तयार केले. ९ सप्टेंबर १८४३ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्यांची युक्ती साधी होती : झाकण न उघडता आतले पाते बाहेरून दांड्याने फिरवायचे. पाते डब्याच्या भिंतीवर गोठलेला थर खरवडते आणि मधल्या मिश्रणात मिसळते. पुढे १८४८ मध्ये विल्यम यंग यांनी या रचनेत सुधारणा करून वेगळे पेटंट घेतले. त्यानंतर अनेक कारखान्यांनी असे पॉट बनवले, पण मूळ कल्पना बदलली नाही. आपल्या घरांतले पॉट याच घराण्यातले आहेत.

इंग्लंडमध्ये अॅग्नेस मार्शल या बाईंनी १८८५ साली स्वतःच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी आईस्क्रीमवर स्वतंत्र पुस्तकही काढले. त्यांच्या यंत्राचा डबा उथळ आणि रुंद होता, त्यामुळे मिश्रण लवकर गोठत असे. घरगुती आईस्क्रीमच्या इतिहासातली दोन महत्त्वाची यंत्रे बायकांनी घडवली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडच्या पॉट आईस्क्रीमला जवळचे असे आणखी एक नाव म्हणजे बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड. त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठाची, अंडे नसलेली कस्टर्ड पावडर तयार केली. युरोपी आईस्क्रीममध्ये दाटपणासाठी अंड्याचा बलक घालत. ज्या घरांत अंडे चालत नसे तिथे या पावडरीने तेच काम केले. मराठी घरांतल्या आईस्क्रीमच्या कृतीत कस्टर्ड पावडर इतकी पक्की बसली ती यामुळे.

बर्फ मुंबईत येतो

पॉट चालवायला बर्फ हवा. उष्ण प्रदेशात तो आणायचा कुठून? याचे उत्तर बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने शोधले. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात बांधायच्या आणि जहाजाने पाठवायच्या. १८३३च्या मे महिन्यात त्याचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोहोचले. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

लगेचच मुंबईलाही अमेरिकन बर्फ येऊ लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४च्या सुमारास एका मेजवानीत आईस्क्रीम वाढले आणि नंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली, अशी त्या काळची गोष्ट अजून सांगितली जाते. १८४०च्या दशकात मुंबईत गोदीजवळ बर्फ साठवण्यासाठी खास इमारत उभी राहिली. १८७०च्या दशकात देशातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि ट्यूडरचा समुद्रापारचा व्यापार ओसरत गेला. कारखान्यातली लादी मिळू लागल्यावर आईस्क्रीम बंगल्यांतून बाहेर पडून दुकानांत आणि मध्यमवर्गीय घरांत आले. अहमदाबादच्या वाडीलाल कुटुंबाने १९०७ मध्ये सोड्याचे दुकान काढले आणि हाताने फिरवायच्या कोठीतले आईस्क्रीम विकायला सुरुवात केली. १९२६ मध्ये त्यांनी परदेशी यंत्र आणले. नागपूरचे दिनशॉज, पुण्याची मस्तानी, मुंबईतले पारशी आईस्क्रीमवाले हे सगळे त्यानंतरच्या काळातले.

पेडणे आणि डिचोली

पेडणे, डिचोली हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आले. म्हणून त्यांची गणना ‘नव्या काबिजादीत’ होते. इथल्या लोकांचे नातेसंबंध, बाजार, भजन आणि नाटक यांचा ओढा सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले आणि मुंबई यांच्याकडे राहिला. पोटापाण्यासाठी मुंबईला जायचे आणि मे महिन्यात किंवा चतुर्थीला गावी यायचे, ही रीत इथेही कोकणासारखीच. शहरातल्या नव्या वस्तू गावात पोहोचण्याची मोठी वाट म्हणजे हे मुंबईकर. पॉट हे त्याच मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतले साधन.

या वाटेत एक मोठा खंड पडला. गोवामुक्तीच्या आंदोलनाच्या काळात, १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सरहद्दीवर माल आणि माणसे दोन्ही अडू लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर पत्रादेवीचा रस्ता पुन्हा खुला झाला. गावोगावी वीज पोहोचवण्याचे कामही मुक्तीनंतरचे. तोपर्यंत गावातल्या घरात फ्रीज असण्याचा प्रश्नच नव्हता. वीज नसलेल्या घरातही बर्फाची लादी आणि मीठ मिळाले की आईस्क्रीम होत असे. पॉटची खरी किंमत ही होती.

आता त्याला लागणाऱ्या चार गोष्टींचा विचार करू.

*बर्फ.* गोव्यातल्या बर्फाच्या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मासेमारी. लादी गोणपाटात गुंडाळून, भुशात किंवा भाताच्या तुसात ठेवली की बराच वेळ टिकते. भातशेतीच्या आपल्या गावांत तुसाला तोटा नव्हता. अंतर मात्र त्रास देई. शिवोली-चोपडे पूल होण्याआधी बार्देशातून पेडण्याच्या किनारी गावांकडे येताना शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. फेरीची वाट पाहण्यात जितका वेळ जाई, तितका बर्फ पाणी होई.

*मीठ.* शापोरा नदीकाठचे आगरवाडा हे गाव मिठागरांसाठी ओळखले जाते आणि गावाच्या नावातच आगर आहे. भरतीचे खारे पाणी मानशीतून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवायचे आणि चिकणमाती तुडवून सपाट केलेल्या वाफ्यांत त्याचे खडे होऊ द्यायचे, ही इथली पद्धत. हंगाम पावसाळा संपून जमीन सुकल्यावर सुरू होतो आणि पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे साधारण मे अखेरपर्यंत चालतो. खडा जाड आणि थोडा करडा असतो.

*फळ.* मानकुराद आंबा, फणस, काजू, जांभूळ, करवंद हे सगळे एप्रिल-मे मध्येच.

*हात.* शाळेची सुट्टी आणि घरी आलेले मुंबईकर, म्हणजे दांडा फिरवायला माणसेही त्याच दिवसांत.

मीठ, फळ, माणसे आणि उकाडा यांची गाठ आपल्याकडे एकाच महिन्यात पडते. शिवाय मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, भरण्याची पद्धत असल्याने घरात जाड्या मिठाची रास आधीच येऊन पडलेली असे. बाहेरून आणायचा तो फक्त बर्फ.

आगराचे मीठ : एक वेगळी गोष्ट

हे मीठ सहज मिळत होते म्हणून त्याचा इतिहास विसरता कामा नये. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर कर होता आणि गोव्यातले स्वस्त मीठ सरहद्दीपलीकडे जाऊ नये असे ब्रिटिशांना वाटे. १८७८ मध्ये पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत करार झाला. त्याने गोव्यातल्या मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. १८९२ मध्ये हा करार संपेपर्यंत गोव्याच्या मिठागरांना मोठा फटका बसला होता. तेरेखोल खाडीच्या उत्तरेला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तोही याच कराच्या विरोधात.

अलीकडचा फटका वेगळा आहे. खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर देशात २००६ पासून पुन्हा बंदी आली. आगराचे मीठ खारवलेले मासे, माडांच्या मुळांना घालायचे खत अशा कामांपुरते उरले. त्यात मजुरांची टंचाई, फुटणारे बांध, पडीक होणाऱ्या खाजन जमिनी आणि अवेळी पाऊस यांची भर पडली. गोव्यात मिठागरे आता मोजकीच राहिली आहेत. आईस्क्रीमच्या पॉटसाठी आयोडीनची गरज नसते, कारण हे मीठ पोटात जात नाही. जाडा, न कुटलेला खडा या कामाला उत्तम. बारीक मीठ लगेच विरघळून तळाला जाते. जाडा खडा बर्फाच्या तुकड्यांत अडकून राहतो आणि सावकाश काम करतो.

मीठ नेमके काय करते

मीठ थंडी निर्माण करते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात उष्णता शोषण्याचे काम बर्फ करतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो, म्हणून नुसत्या बर्फात ठेवलेले भांडे शून्याखाली जात नाही. साखर घातलेले दूध मात्र शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेल्याशिवाय गोठायला सुरुवातच करत नाही. नुसत्या बर्फात आईस्क्रीम होत नाही ते यामुळे.

मिठाने बर्फ शून्याखालीही वितळू लागतो, म्हणजे तो आणखी खालच्या तापमानाला उष्णता ओढत राहतो. वितळून झालेल्या पाण्यात मिठाचे प्रमाण जितके जास्त, तितके तापमान खाली :

– १०० भाग खारट पाण्यात ५ भाग मीठ : उणे ३ अंश सेल्सियस
– १० भाग मीठ : सुमारे उणे ६.६ अंश
– १५ भाग मीठ : सुमारे उणे ११ अंश
– २० भाग मीठ : सुमारे उणे १६.५ अंश
– २३.३ भाग मीठ : सुमारे उणे २१ अंश

बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणातून मिळणारे सर्वात खालचे तापमान म्हणजे हे शेवटचे. त्याहून जास्त मीठ घालून उपयोग होत नाही.

घुसळताना मात्र एवढी थंडी नको असते. फार मीठ घातले तर डब्याच्या भिंतीवर जाड थर एकदम गोठतो, पाते अडकते आणि आत खडे राहतात. वजनाने सहा भाग बर्फाला एक भाग मीठ हे घुसळण्यासाठी योग्य प्रमाण आहे. घुसळून झाल्यावर आईस्क्रीम घट्ट करताना तीन-चार भाग बर्फाला एक भाग मीठ घ्यावे.

बादली लाकडी असते, कारण लाकूड बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. आतला डबा धातूचा असतो, कारण दुधातली उष्णता बर्फाकडे लवकर जायला हवी. पात्याचे काम दुहेरी आहे. गोठलेला थर खरवडून ते बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही आणि मिश्रणात थोडी हवा मिसळते. कण बारीक राहिले की जिभेला ते जाणवत नाहीत आणि आईस्क्रीम मऊ लागते.

कृती : दोन लिटरच्या पॉटसाठी मानकुरादचे आईस्क्रीम

साहित्य : म्हशीचे किंवा साय न काढलेले दूध १ लिटर, साखर १७५ ग्रॅम, कस्टर्ड पावडर किंवा कॉर्नफ्लोअर २ लहान चमचे, घोटलेली साय १ वाटी, गाळलेला आंब्याचा रस २ वाट्या, चिमूटभर मीठ. पॉटसाठी बर्फ ६ ते ७ किलो आणि जाडे मीठ दीड ते पावणेदोन किलो.

१. दूध मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवावे. कस्टर्ड पावडर थोड्या गार दुधात कालवून त्यात घालावी. साखर आणि चिमूटभर मीठ घालून दोन-तीन उकळ्या आणाव्यात.

२. मिश्रण पूर्ण गार करावे. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यास उत्तम. कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतल्यास निम्मा बर्फ ते गार करण्यातच संपतो.

३. गार झाल्यावरच साय आणि आंब्याचा रस मिसळावा. गरम दुधात आंबट रस घातला तर दूध फाटते.

४. डबा, पाते आणि झाकण उकळत्या पाण्याने धुऊन गार करावे. मिश्रण डब्याच्या दोन-तृतीयांशपर्यंतच भरावे. घुसळताना ते फुगते.

५. बर्फ गोणपाटात घालून बत्त्याने फोडावा. तुकडे सुपारीपासून लिंबाएवढे असावेत. डब्याभोवती चार बोटे बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ असे थर द्यावेत. थर डब्याच्या झाकणाखाली राहिले पाहिजेत.

६. पहिली पाच मिनिटे दांडा सावकाश फिरवावा, मग वेग वाढवावा. एकाच दिशेने फिरवावे आणि थांबू नये. बादलीच्या बाजूला असलेल्या भोकातून खारट पाणी वाहू द्यावे. भोक बुजले तर ते पाणी झाकणावरून आत शिरते आणि सगळे मिश्रण खारट होते. पॉट बिघडण्याचे सर्वात नेहमीचे कारण हेच.

७. बर्फ खाली बसेल तसा वरून बर्फ आणि मीठ घालत राहावे. वीस ते तीस मिनिटांत दांडा जड होतो. पाते फिरेनासे झाले की थांबावे. अखेरच्या पाच मिनिटांसाठी घरातला दणकट माणूस राखून ठेवतात आणि बादली हलू नये म्हणून गोणपाट टाकून कुणी तरी तिच्यावर बसते.

८. झाकण उघडण्याआधी त्याच्या कडा पुसाव्यात. पाते काढून घ्यावे. पात्याला चिकटलेले आईस्क्रीम ज्यांनी दांडा फिरवला त्यांचे, असा बहुतेक घरांतला नियम.

९. डब्यावर बटर पेपर ठेवून झाकण लावावे, मधले भोक बुचाने बंद करावे. खारट पाणी काढून टाकून नवा बर्फ आणि जास्त मीठ भरावे. वर गोणपाट आणि तूस घालून एक-दोन तास मुरू द्यावे.

कारखान्याची लादी खाण्यासाठी केलेली नसते. ती डब्याबाहेरच राहील याची काळजी घ्यावी आणि त्याच हातांनी आईस्क्रीम वाढू नये. उरलेले खारट पाणी फुलझाडांच्या किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये.

आपल्या फळांसाठी काही सूचना

मानकुरादचे नाव पोर्तुगीज ‘मालकोराद’, म्हणजे रंगाने फिका, यावरून आल्याचे मानतात. गोव्याच्या मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या रसात गोडी भरपूर असते, म्हणून साखर आधी कमी घालून चव पाहावी. साखर जास्त झाली तर आईस्क्रीम नीट गोठत नाही. कमी झाली तर दगडासारखे घट्ट होते. गोठल्यावर गोडी कमी लागते, हेही लक्षात घ्यावे.

रसाळ फणसाचे गरे चाळणीवर घासून गाळून घ्यावेत. धागे राहिले तर ते पात्याला गुंडाळतात. काप्या फणसाचे बारीक तुकडे घुसळून झाल्यावर मिसळावेत.

शहाळ्याची मलई आणि नारळाचा जाड रस वापरून दुधाचे प्रमाण कमी करता येते. नारळाच्या रसातली चरबी साईचे काम करते. माडाचा गूळ घालायचा असेल तर तो पाण्यात विरघळवून, गाळून, गार करूनच घालावा, कारण गरम दूध गुळानेही फाटते.

जांभूळ आणि करवंद आंबट असल्याने त्यांचा गर साखरेत शिजवून गार करावा आणि दाट झालेल्या गार मिश्रणात शेवटी घालावा.

फ्रीज, पेट्या आणि आजचे आईस्क्रीम

गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. पुढच्या दशकांत फ्रीज गावात पोहोचला आणि आईस्क्रीम बर्फाच्या कप्प्यात होऊ लागले. तिथे सतत ढवळणारे पाते नसते. त्यामुळे मिश्रण अर्धवट गोठले की बाहेर काढून मिक्सरमध्ये फिरवायचे आणि पुन्हा ठेवायचे, ही पद्धत आली. त्याच काळात जीएमएस आणि सीएमसी या पावडरी घरगुती कृतींत शिरल्या. पहिली चरबी आणि पाणी एकजीव ठेवते, दुसरी बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. पॉटमध्ये जे काम हात करत होता ते इथे पावडर करते. पॉटच्या आईस्क्रीमला या पावडरींची गरज नसते.

देशात आईस्क्रीमचे उत्पादन १९९७ पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. ते राखीवपण उठल्यावर मोठ्या कंपन्यांची आईस्क्रीम गावच्या दुकानातल्या पेटीपर्यंत आली. विकत घेताना वेष्टन वाचण्याची सवय ठेवावी. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘आईस्क्रीम’ म्हणायला त्यात किमान १० टक्के दुधाची चरबी असावी लागते आणि एक लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरावे लागते. वनस्पती तेल वापरलेला पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने विकला जातो. लिटरचे वजन ५२५ ग्रॅम याचा अर्थ त्या डब्याचा बराच भाग हवा असू शकतो. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये एवढी हवा जात नाही, म्हणून घरचे आईस्क्रीम एका वाटीत भरल्यासारखे वाटते.

घरात जुना पॉट असल्यास

जुना पॉट भंगारात देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

– लाकडी बादली सुकून तिच्या फळ्यांत फटी पडल्या असतील तर ती एक-दोन दिवस पाण्याने भरून ठेवावी. लाकूड फुगून फटी बहुधा बुजतात.
– आतला डबा गंजला असेल, त्याची कल्हई गेली असेल किंवा जुन्या डाकाचे सांधे उघडे पडले असतील तर त्यात दूध घालू नये. जुन्या डाकात शिसे असू शकते. त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा डबा करून घेता येतो.
– पात्याच्या लाकडी कडा झिजल्या असतील तर सुताराकडून नव्या बसवून घ्याव्यात. पाते भिंतीला टेकले नाही तर थर खरवडला जात नाही.
– दातेरी चाकांना खाण्याचे तेल लावावे. यंत्राचे तेल डब्यात ठिबकू शकते.
– वापरून झाल्यावर सगळे भाग गोड्या पाण्याने धुवावेत. मिठाने लोखंड लवकर खाल्ले जाते.

पॉटची दुरुस्ती सुतार आणि लोहार करू शकतात. मिठाचे तसे नाही. आगराचा बांध फुटून वाफ्यांत झाडोरा शिरला की तो पुन्हा उभा करायला मोठा खर्च आणि हे काम जाणणारी माणसे लागतात. पेडणे-डिचोलीतल्या घराने उन्हाळ्यात एकदा पॉट लावला तर दीड-दोन किलो जाडे मीठ लागते. ते दुकानातल्या पिशवीऐवजी आगरवाड्याच्या आगरातून आणावे. हंगामात मीठ काढताना पाहता येते आणि मुलांना सोबत नेले तर मानस, कोंडी, वाफा हे शब्दही त्यांच्या कानावर पडतात. घरातल्या ज्येष्ठांना पॉटमध्ये मिठाचे प्रमाण किती ठेवत, कोणत्या फळाचे आईस्क्रीम करत आणि बर्फ कुठून आणत हे विचारून लिहून ठेवावे. या गोष्टी बहुतेक घरांत आजवर केवळ तोंडीच चालत आल्या आहेत.